कुष्ठरोग, एक फोन आणि सोडचिठ्ठीचा कागद: एका ताईंचं प्रकरण

ओळख पटेल असे तपशील बदललेत, गावाचं नाव देत नाही, आणि ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना नुसतं ताई म्हणते. मी समुपदेशनाचं काम करते, या प्रकरणात निदानानंतर आले आणि शेवटपर्यंत होते. रोग बरा करायचा रस्ता पहिल्या दिवसापासून माहीत होता, सगळा घोळ झाला तो कोणाला, कधी आणि कोणी सांगायचं यावर, म्हणून तेच जास्त लिहितेय.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातलं एक मोठं गाव, एकत्र कुटुंब. सासूबाई, मिस्टर, दीर, जाऊ, लग्नाची नणंद आणि ताईंची चार वर्षांची मुलगी. मिस्टर तालुक्याला गॅरेजमध्ये कामाला, दीर शेती बघतात. ताई तिशीच्या, घरीच ब्लाउज शिवायच्या, पिको-फॉल करायच्या, फिटिंगला गावात नाव होतं, लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत मशीन चालायची.

पाठीवर आणि दंडावर फिकट लालसर चट्टे दोनेक वर्षं होते. खाज नाही, दुखत नाही, मग मेडिकलमधून गजकर्णाची ट्यूब आणायची, लावायची आणि विसरायचं. उजव्या करंगळीला आधी मुंग्या, नंतर बधिरपणा, तो मशीनवर वाकून बसल्याने नस दबली असेल म्हणून सोडून दिला. एकदा अस्तराला इस्त्री करताना करंगळीची कड इस्त्रीला टेकून राहिली. त्यांना कळलंच नाही. जळल्याचा वास आला तेव्हा त्यांनी आधी कापड उचलून बघितलं, कुठे डाग पडला म्हणून.

घरोघर कुष्ठरुग्ण शोधायची मोहीम आली तेव्हा आशाताईंबरोबर एक पुरुष स्वयंसेवक होता, त्यामुळे ताईंनी पाठ दाखवलीच नाही, "काही नाही हो" म्हणून मोकळ्या झाल्या. पण आशाताईंच्या नजरेत तो भाजल्याचा व्रण भरला आणि भाजलं तेव्हा दुखलं नाही हे बोलता बोलता कळलं, मग दोन दिवसांनी त्या ब्लाउज टाकायच्या निमित्ताने एकट्याच परत आल्या. या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात हुशारीचं पाऊल मला हेच वाटतं.

आरोग्य केंद्रात डोळे मिटायला सांगून पेनच्या टोकाने चट्टे तपासले, टोचलेलं कळत नव्हतं. कोपराजवळची नस जाड लागत होती. चट्टे पाचापेक्षा जास्त, म्हणजे सांसर्गिक प्रकार, बारा महिन्यांचा बहुविध औषधोपचार, म्हणजे एकापेक्षा जास्त औषधं एकत्र. औषध फुकट. महिन्याचा पहिला डोस दवाखान्यात समोर घ्यायचा, बाकी पाकीट घरी न्यायचं. औषध सुरू झालं की पसरण्याची भीती लवकरच जाते आणि मुळात बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूशी लढायची ताकद असतेच, हे डॉक्टरांनी नीट सांगितलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "घरी नका कळवू."

पहिला निर्णय: सांगायचं कोणाला

आता इथे पेच बघा. घरातल्यांची तपासणी करावीच लागते, कारण जवळ राहणाऱ्यांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि ज्यांच्यात लक्षणं नाहीत त्यांना प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनचा एक डोस देतात. म्हणजे चांगलं काम करायला जायचं तर दार वाजवावं लागणार आणि दार वाजवलं की प्रश्न येणार.

कोणालाच न सांगणं जमण्यासारखं नव्हतं, कारण पाकिटातल्या क्लोफाझिमिन या औषधाने कातडी काळपट-तांबूस होते, ती औषध संपल्यावर हळूहळू निवळते पण तोवर दिसतेच. सगळ्या घराला एकदम बसवून सांगणं ताईंना नको होतं. शेवटी फक्त मिस्टरांना सांगायचं ठरलं, तेही दवाखान्यात, डॉक्टरांकडून. ते आले, ऐकलं, बराच वेळ गप्प बसले आणि मग एकच विचारलं, "पोरीला होईल का?" मुलीला तपासलं, काही नव्हतं. मिस्टर म्हणाले, ठीक आहे, करू पूर्ण.

बाकीच्यांसाठी अख्ख्या गल्लीची त्वचा तपासणी ठेवली, म्हणजे बोट एका घराकडे जायला नको. त्यात ताईंच्या घरचे आपसूक तपासून झाले, सगळे ठीक. जाऊबाईंना दिवस गेले होते, गरोदरपणात हा डोस देत नाहीत, म्हणून त्यांना दिला नाही, त्यांनी का म्हणून विचारलं, सिस्टरांनी नेमकं उत्तर दिलं नाही. शंका बहुतेक तिथेच पेरली गेली.

अडचण कुठे फुटली

चौथ्या महिन्यात ताईंचं पाकीट न्यायचं दोन दिवस राहिलं. दवाखान्याच्या कार्डावर मिस्टरांचा नंबर होता. त्या दिवशी मिस्टर फोन घरी चार्जिंगला लावून गेले होते. फोन आला, दिरांनी उचलला, आणि पलीकडून सरळ वाक्य आलं की कुष्ठरोग विभागातून बोलतोय, तुमच्या मिसेसचं पाकीट न्यायचं राहिलंय.

बोलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, डोस चुकू नये म्हणूनच फोन केला होता. पण आपण कोणाशी बोलतोय हे विचारलंच नाही.

संध्याकाळपर्यंत ताईंचं ताट-तांब्या वेगळा झाला. मशीन उचलून मागच्या पत्र्याच्या खोलीत गेली आणि पाठोपाठ ताईही. मुलगी आजीजवळ झोपायला लागली. जाऊबाईंच्या माहेरचे येऊन त्यांना घेऊन गेले. गावात कोणी तोंडावर काही बोललं नाही, फक्त आधी शिवायला दिलेली कापडं बायका एकेक करून न शिवताच परत न्यायला लागल्या, आत्ताच नको, सणाला बघू, असं म्हणत. मापाचे ब्लाउजही नेले. ताई म्हणाल्या, भांडी वेगळी केली ते मी समजू शकते, पण मी शिवलेले जुने ब्लाउज कोणी घालेना तेव्हा कळलं की आता काही उरलं नाही.

मिस्टर? ते गप्प. गॅरेजमधून उशिरा यायचे. बायकोच्या बाजूने बोलले नाहीत आणि विरोधातही नाही, आणि अशा घरात गप्प बसणं म्हणजे विरोधातच असतं हे त्यांना तेव्हा कळत नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, सांगता येत नाही.

मग सासूबाईंनी सुचवलं, औषध पूर्ण होईपर्यंत माहेरी राहा. ऐकायला मायेचं. ताई गेल्या, मुलगी सासरीच ठेवून घेतली. माहेरी भावाचं लग्न ठरायचं होतं, त्यामुळे तिथेही पाहुणे आले की ताई आतल्या खोलीत. दोन महिन्यांत दीर एक स्टॅम्प पेपर घेऊन आले, टाइप केलेला, नोटरीची जागा मोकळी. स्वखुशीने आणि कोणत्याही दबावाशिवाय सोडचिठ्ठी देत आहे, मुलीचा ताबा वडिलांकडे राहील, पुढे कोणताही हक्क सांगणार नाही. खाली सहीसाठी पेन्सिलने फुली मारलेली.

यातच ताईंनी गोळ्या सोडल्या होत्या. चट्टे लाल होऊन सुजले, कोपर ठणकायला लागलं, करंगळी आणि शेजारचं बोट वाकायला लागलं. त्यांना वाटलं औषधानेच वाढतंय. खरं तर ही रिॲक्शन होती, मेलेल्या-मरणाऱ्या जंतूंविरुद्ध शरीर उसळतं त्याची, आणि ती उपचाराच्या आधी, मध्ये किंवा नंतरही येऊ शकते. हे त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं म्हणे, पण पहिल्या दिवशी माणसाच्या डोक्यात रोगाच्या नावापलीकडे काय शिरतं.

समोर कोणते पर्याय होते

आशाताईंनी मला फोन केला तेव्हा दोन आगी एकदम लागल्या होत्या, हात आणि संसार. टीममध्ये मतभेद झाले. एकाचं म्हणणं, स्टॅम्प पेपर आधी, उद्या सही करून बसल्या तर? डॉक्टरांचं म्हणणं, नस. नसेची ताकद गेल्यापासून सहाएक महिन्यांच्या आत स्टेरॉइड मिळालं तर परत यायची आशा चांगली असते, उशीर झाला की बोट कायमचं वाकतं, आणि शिवणाऱ्या बाईचं बोट म्हणजे तिचा पगार. मला डॉक्टरांचं पटलं. सही थांबवायला एक वाक्य पुरतं, वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, एवढंच. नसेला वाक्य पुरत नाही.

संसाराबाबत चार रस्ते दिसत होते.

एक म्हणजे सही करून जे काही मिळेल ते घेऊन सुटणं. माहेरचा कल इकडेच होता.

दुसरा भावाने सुचवलेला, वरोऱ्याला नेऊन ठेवू, तिथे अशा लोकांचं बघतात. यावर मी जरा जास्त बोलले असेन. वर्ध्याजवळ मनोहर दिवाणांचं दत्तपूर १९३६ सालचं, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन, या जागा उभ्या राहिल्या तेव्हा या रोगावर धड औषध नव्हतं किंवा नुकतंच येत होतं आणि घरातून हाकललेल्या माणसांना जायला जागाच नव्हती. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली केली. आज बारा महिन्यांचा कोर्स चालू असलेल्या, हातात कला असलेल्या बाईला घरापासून लांब ठेवायला वैद्यकीय कारण कुठलंच नाही. तिकडे नेऊन ठेवू या म्हणण्यात दया कमी आणि सुटका जास्त होती, भाऊ वाईट नव्हता तरी.

तिसरा, कायदा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. वकीलबाईंनी तीन गोष्टी साफ केल्या. पहिली, कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण आता राहिलेलं नाही, २०१९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा, विशेष विवाह कायदा धरून पाच कायद्यांतून ते काढून टाकलं, १ मार्च २०१९ पासून लागू. म्हणजे तोपर्यंत ते कायद्यात होतं, औषध फुकट मिळायला लागून वीसेक वर्षं झाली तरी! दुसरी, हिंदू जोडप्याचा घटस्फोट नोटरीच्या कागदाने होत नाही, काही समाजांच्या सिद्ध झालेल्या रूढीचा अपवाद सोडला तर. तिसरी मात्र आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. ताई माहेरी आपणहून राहिल्या असं दिसलं आणि दोन वर्षं गेली, तर सोडून गेल्याचं कारण दाखवून केस टाकता येते. माहेरी राहा हे मायेचं वाक्य कागदावर उलटं वाचलं जाऊ शकतं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घराचा हक्क मागता येतो, अर्ज करायचा का असं त्यांनी विचारलं. ताई नको म्हणाल्या. "केस टाकली की परत जायची वाटच बंद. मला घर नको, माणसं पाहिजेत, आणि आधी पोरगी पाहिजे."

म्हणून चौथा, बसून बोलणं.

काय केलं

आधी हात. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं, ते अचानक बंद करायचं नसतं, हळूहळू कमी करत महिनोन्महिने चालतं. बोटं सरळ राहावीत म्हणून स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी दिली, दर पंधरा दिवसांनी नसेची तपासणी. पाकिटं परत सुरू झाली, बारा पाकिटं अठरा महिन्यांत पुरी करायची मुभा असते, म्हणून गेलेले महिने भरून काढता आले. ही सूट आहे हे कळल्यावर ताई पहिल्यांदा रडल्या, त्यांना वाटत होतं सगळं पहिल्यापासून करावं लागणार.

वकीलबाईंच्या सांगण्यावरून ताईंनी मिस्टरांना व्हॉट्सअॅपवर साधे मेसेज टाकायला सुरुवात केली. मला घरी यायचंय, कधी न्यायला येता. भांडण नाही, आरोप नाही, फक्त नोंद. गंमत म्हणजे नोंदीसाठी टाकलेल्या मेसेजला मिस्टर रात्री उत्तर द्यायला लागले. आधी नुसतं बरं आहे का, मग मुलीचे फोटो.

बैठक कुठे घ्यायची यावर पुन्हा चर्चा. सरपंच, पोलीस पाटील यांना घ्यायचं का? ताई म्हणाल्या गावात नको. आरोग्य केंद्रात दुपारी, ओपीडी संपल्यावर घेतली. मिस्टर, सासूबाई, डॉक्टर, मी, आणि आशाताईंनी सुचवलेल्या एक मावशी, ज्यांचा हा आजार फार वर्षांपूर्वी बरा झालाय पण उजव्या हाताची बोटं वाकलेलीच राहिली.

डॉक्टरांनी जंतू, संसर्ग, गोळ्या सगळं समजावलं. सासूबाई मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, "मला होईल म्हणून मी भीत नाही डॉक्टर, माझं काय राहिलंय आता. पोरीचं व्हायचंय अजून." म्हणजे नणंदेचं लग्न. आम्ही इतके दिवस संसर्गाबद्दल बोलत होतो आणि त्यांचा प्रश्न स्थळांचा होता. वेगळं ताट हे जंतूंसाठी नव्हतंच, आम्ही काळजी घेतो बघा, असं गावाला दाखवण्यासाठी होतं.

मावशींनी ते बरोबर पकडलं. "माझ्या दोन्ही पोरींची लग्नं झाली. जावई माझ्या हातचं जेवतात."

सासूबाईंनी लगेच विचारलं, "स्थळाला सांगितलं होतं का?"

"नाही सांगितलं. मी बरी झाले होते, काय सांगायचं?"

डॉक्टर अस्वस्थ झाले, मीही. आम्हाला शिकवलंय की उघड बोला, लपवाल तर कलंक वाढतो. पण त्या खोलीत सासूबाईंना पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या भाषेत उत्तर दिलं होतं. त्यांनी मावशींचा तो हात हातात घेऊन बोटं बघितली, सरळ होतात का म्हणून दाबून बघितली. त्यानंतरचं बोलणं वेगळंच झालं.

मिस्टर शेवटी बोलले. मुलगी आणि ताईंना घेऊन ते तालुक्याला खोली करून राहतील, गॅरेज तिथेच आहे, नणंदेचं लग्न होईपर्यंत तरी. सासूबाईंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. स्टॅम्प पेपरचा विषय निघालाच नाही, तो अजून दिरांच्या कपाटात असेल.

काय झालं

कोर्स मुदतीत पूर्ण झाला. शेजारचं बोट जवळजवळ पूर्ण सुधारलं. करंगळी थोडी वाकलेली राहिली आणि तिच्यातली संवेदना आली नाही. ताई आता इस्त्री डाव्या हाताने करतात, आणि रात्री झोपण्याआधी बोटं उजेडात फिरवून बघतात, कुठे टोचलंय का, भाजलंय का. तालुक्याला नवी गिऱ्हाइकं मिळाली, त्यांना काही माहीत नाही आणि सांगायचंही कारण नाही.

मुलगी जवळ आहे. पहिले काही आठवडे ती आईजवळ झोपायला तयार नव्हती, आजीने हात लावू नको म्हणून शिकवलं होतं. तिची दरवर्षी तपासणी ठरवली आहे, कारण हा रोग दिसायला सरासरी पाच वर्षं, कधी त्याहून खूप जास्त लागतात.

नणंदेचं लग्न झालं. ताईंना बोलावलं, हळदीला नको, लग्नाला या, असं. त्या गेल्या. नणंदेने लग्नातला ब्लाउज त्यांच्याकडूनच शिवून घेतला होता, घरात कोणाला न सांगता. याला यश म्हणायचं का मला ठरवता येत नाही. घर वाचलं, गाव सुटलं. जाऊबाई अजून बोलत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

फोनचं सगळ्यात सोपं. कार्डावर नंबर लिहिताना हा फोन कोणाचा, घरी कोण कोण उचलतं, फोन केला तर काय सांगून करायचा, हे तीन प्रश्न विचारायला मिनिटभर लागतं. आता त्या केंद्रात विचारतात. ताईंनी स्वतःसाठी ठरवलेला निरोप आहे, "फॉल लावून झाला का". पलीकडे कोणीही असो, बिघडत नाही.

रिॲक्शनची माहिती पहिल्याच दिवशी देऊन संपवायला नको होती. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याला, बाई जरा सावरल्यावर परत सांगायला हवी, आणि हात ठणकला तर गोळ्या थांबवायच्या नाहीत, त्याच दिवशी यायचं, हे मिस्टरांनाही. माहेरी जाताना औषध जवळच्या केंद्रातून मिळायची सोय करून दिली असती तर खंड पडला नसता, ही सोय मागितली की होते, पण मागायची असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मिस्टरांना आम्ही रोगाची माहिती दिली, तयारी करून घेतली नाही. आईने विचारलं तर काय बोलशील, भावाला कळलं तर पहिलं वाक्य काय, हे त्यांच्याकडून आधी वदवून घ्यायला हवं होतं. गप्प बसलेला माणूस नेहमी भित्राच असतो असं नाही, कधीकधी त्याच्याकडे वाक्यच नसतं.

जाऊबाईंना डोस का नाही याचं खरं आणि पुरेसं उत्तर देता आलं असतं: गरोदरपणात हे औषध टाळतात, बाळंतपणानंतर बघू. उत्तर टाळलं की माणूस स्वतः शोधतो.

मावशींना बोलवायला उशीर झाला हे सगळ्यांनाच पटलंय. त्यांना आधीच बोलवलं असतं तर ताई माहेरी गेल्याच नसत्या असं आशाताई म्हणतात, मला तेवढी खात्री नाही. स्थळाला सांगायचं की नाही यावर मात्र आमचं अजून एकमत नाही. डॉक्टर म्हणतात आपण लपवा असा सल्ला देऊ शकत नाही. मावशी म्हणतात बरा झालेला टायफॉईड कोण सांगतं? पुढच्या वेळी कोणी हाच प्रश्न विचारला तर मी मावशींचा नंबर देणार आहे, त्यांना विचारूनच.